काळ्यावरचे पांढरे

सरकारी कचेरीत चौतीस वर्षे मी पांढऱ्यावर काळे करीत आलो. निवृत्त झाल्यावर काळ्यावर पांढरे करण्याची पाळी माझ्यावर येईल, आणि ते पांढरे पुसून काढण्यासाठी मला रसायनशास्त्राची पुस्तके उघडावी लागतील, असे कोणी सांगितले असते तर मी हसलो असतो. परंतु तसे घडले खरे. आज मी आपल्यापुढे बोलणार आहे ते मोटारीच्या बाहेरच्या अंगावर ज्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या आणि कमानी असतात, त्यांच्यावर मेणाचे आणि पॉलिशचे जे पांढुरके डाग राहून जातात, त्यांविषयी. विषय ऐकून कित्येक श्रोत्यांना वाटेल की, हा गृहस्थ आता आपल्याला गाडी पुसायला शिकविणार. थोडेसे शिकविणारही आहे. पण ह्या डागांपायी माझ्या हातून एका माणसाची रोजी गेली, आणि ती का गेली हे सांगितल्यावाचून डागांची हकीगत पुरी होत नाही.

मी नोकरीनिमित्त दिल्लीत आलो आणि दिल्लीतच राहिलो. यमुनेपलीकडच्या एका वसाहतीत आमचे बिऱ्हाड आहे. दिल्लीची धूळ ज्यांनी पाहिली नाही त्यांना तिची कल्पना देणे कठीण. वैशाख-ज्येष्ठांत पश्चिमेकडून आंधी आली म्हणजे घटकाभरात सगळ्या गाड्या एकाच रंगाच्या होतात, आणि तो रंग कोणत्याही कारखान्याच्या पुस्तकात नसतो. म्हणून ह्या शहरात पहाटे गाड्या पुसणाऱ्यांचा एक वर्गच निर्माण झाला आहे. उजाडण्यापूर्वी हातात बादली आणि खांद्यावर फडकी टाकून ही माणसे वसाहतीत येतात, ओळीने दहा-पंधरा गाड्या धुतात, आणि आपण चहा घेऊन सज्जात येतो तोवर निघूनही गेलेली असतात. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढी ती आपल्याला दिसतात. आमची गाडी पुसणारा मनुष्य दरभंग्याकडचा होता. बोलणे थोडे, काम नेटके. पाच वर्षे त्याने आमची गाडी पुसली आणि त्या पाच वर्षांत त्याच्याशी माझे पंचवीस वाक्यांहून अधिक बोलणे झाले असेल असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी फाल्गुनात मुलाने मला मेणाची एक डबी आणून दिली. गाडी नवी होती, तिचा निळा रंग दृष्ट लागण्यासारखा होता, आणि उन्हापासून त्याचे रक्षण व्हावे म्हणून वर्षातून दोनदा मेण चोळावे असे त्याने कुठेसे वाचले होते. निवृत्त माणसाला असले काम म्हणजे पर्वणीच. एका रविवारी सकाळी मी जुना सदरा घालून, पायांत चपला अडकवून खाली उतरलो. डबीतले पिवळसर मेण फडक्यावर घेऊन गोल गोल हात फिरवीत डाव्या बाजूने आरंभ केला. डाव्या बाजूची दोन्ही दारे, चाकांवरच्या कमानी, पुढचे टोपण, पुढच्या बंपराची कड. एवढे होईपर्यंत ऊन चढले. तेवढ्यात करोलबागेतून आमचे एक जुने स्नेही आले. मी घाईघाईने वाळलेले मेण पुसले, हात धुतले आणि वर गेलो. गप्पांत दुपार झाली. राहिलेली उजवी बाजू पुढच्या रविवारी करू, असे म्हटले. तो पुढचा रविवार आला नाही. असे रविवार येत नसतात.

चार-सहा दिवसांनी मी बाजारात जाण्यासाठी खाली उतरलो तो काय, चाकाच्या काळ्या कमानीवर, दाराखालच्या रुंद काळ्या पट्टीवर आणि बंपराच्या कडेला पांढुरके ओघळ आणि फराटे! भिंतीला चुना देताना खालच्या फरशीवर शिंतोडे उडावेत तसे. मी बोट फिरवून पाहिले, नखाने खरवडून पाहिले. काही जाईना. मनात पहिला विचार आला तो गाडी पुसणाऱ्याचा. ह्याने कपडे धुण्याची पूड पाण्यात टाकली असणार, किंवा वसाहतीच्या बोअरिंगच्या क्षारट पाण्याने गाडी धुऊन ती न पुसताच हा निघून गेला असणार. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम पहाटे उठलो. तो गाडी धूत होता. मी जवळ जाऊन पाहिले, तो पट्ट्या काळ्याभोर! एकही डाग नाही. मी काही न बोलता वर आलो. दहा वाजता खाली गेलो. डाग होते तसे परत.

आता मात्र माझा संशय पक्का झाला. हा मनुष्य काहीतरी फासून डाग झाकतो, आणि ऊन लागले की ते उघडे पडतात, असा मी तर्क बांधला. कचेरीत चौतीस वर्षे काढलेल्या माणसाला लबाडीचा वास फार लवकर येतो. कधी कधी लबाडी नसली तरी येतो. महिन्याच्या पहिल्या तारखेला तो पैसे घ्यायला आला तेव्हा मी त्याला जाब विचारला. तो म्हणाला, "बाबूजी, पानी सूखने पर दिखता है. यह मेरा किया हुआ नहीं है." पाणी वाळले की दिसते, हे त्याचे म्हणणे मला उडवाउडवीचे वाटले. मी त्याचे निम्मे पैसे कापले आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितले. तो काही वेळ उभा राहिला. मग नोटा खिशात घालून, बादली उचलून निघून गेला. त्याच्या जागी दुसरा आला. डाग तसेच राहिले. तेव्हाही मला शंका आली नाही, हे मी मुद्दाम नमूद करतो.

शंका आली ती आमच्या सौ.ना. वैशाखात एकदा आम्ही दोघे कुठेतरी निघालो होतो. त्या गाडीला वळसा घालून आपल्या बाजूच्या दाराशी आल्या आणि म्हणाल्या, "अहो, हे डाग ह्याच बाजूला कसे? पलीकडे तर एकही नाही." मी म्हटले, असेल. त्या म्हणाल्या, "त्या रविवारी मेण लावताना तुम्ही हीच बाजू तेवढी केली होती ना?"

गाडी पुसणारा गाडीच्या दोन्ही बाजू पुसतो. अर्धीच गाडी मी पुसली होती. खाली बसून मी त्या फराट्यांकडे पाहिले तेव्हा ते गोल गोल, एकात एक गुंतलेले दिसले. माझा हात जसा फिरला होता तसेच. जणू सहीच करून ठेवली होती मी तेथे.

आता हे मेण रंगावरून निघाले आणि प्लॅस्टिकवरून का निघाले नाही, हे पाहावयास हवे. माझ्या चुकीचे मूळ जुन्या सवयीत होते. तरुणपणी आमच्या साहेबांची पांढरी अँबॅसडर होती. पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीस बंगालमधील उत्तरपाडा येथे जी गाडी तयार होऊ लागली आणि २०१४ सालापर्यंत जवळजवळ त्याच अंगकाठीने चालत राहिली, तीच ही गाडी. तिचे बंपर पोलादाचे, वर निकेलचा थर आणि त्याच्यावर क्रोमियमचा थर. हा क्रोमियमचा थर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही पातळ असतो, पण अतिशय कठीण आणि गुळगुळीत. साहेबांचा ड्रायव्हर दर शनिवारी त्या बंपरावर पॉलिश फाशी. ते वाळून पांढरे धुरकट झाले की पिवळ्या फडक्याने एक हात मारी, आणि त्या बंपरात कचेरीची सगळी इमारत उलटी-सुलटी दिसू लागे. पांढरे होऊ द्यावे आणि मग पुसावे, एवढे शास्त्र मी त्याच्याकडून शिकलो होतो. पांढरे कोपऱ्यांत राहते, गाडीच्या नावाच्या अक्षरांच्या सांदीत राहते, आणि ड्रायव्हर ते काडीला कापड गुंडाळून काढतो, हेही मी पाहिले होते. पण लक्षात ठेवले नव्हते.

पुढे बंपर बदलले. १९७२ साली फ्रान्समध्ये रेनो कंपनीची 'पाच' क्रमांकाची छोटी गाडी प्लॅस्टिकचे बंपर घालून निघाली आणि पोलादी मिशांचे युग संपू लागले. आपल्याकडे १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि काळे-करडे बंपर आपल्याही डोळ्यांच्या सवयीचे झाले. मध्यंतरी बंपरांना गाडीच्याच रंगात रंगविण्याची चाल पडली. आता उंच अंगाच्या गाड्यांचे दिवस आहेत, आणि त्यांच्या चाकांभोवती व दारांखाली न रंगविलेले काळे प्लॅस्टिक पुन्हा आले आहे. रस्त्यावरचे खडे रंगाला लागू नयेत ही त्याची उपयुक्तता. गाडी रानावनांत हिंडणारी आहे असा भास व्हावा हा त्याचा डौल. माझी गाडी अजून भाजीबाजारापलीकडच्या रानात गेलेली नाही.

हे प्लॅस्टिक बहुधा पॉलिप्रोपिलीन जातीचे असते. १९५४ साली इटलीत जूलिओ नात्ता ह्यांनी ह्या पदार्थाचे रेणू शिस्तीत बांधून दाखविले आणि १९६३ साली कार्ल त्सिग्लर ह्यांच्याबरोबर नोबेल पारितोषिकाचा मान मिळविला. बंपरासाठी त्यात रबरासारखा एक पदार्थ मिसळतात, म्हणजे धक्का लागला तर ते तडकत नाही; आणि उन्हाने विटू नये म्हणून काजळी मिसळतात. त्याचा काळेपणा हा त्या काजळीचा. आपल्या कामाच्या गोष्टी दोन. एक म्हणजे त्याचा पृष्ठभाग जाणूनबुजून खडबडीत ठेवलेला असतो. कातड्यावर असतात तसे बारीक बारीक खळगे त्याच्या साच्यातच कोरलेले असतात, कारण गुळगुळीत काळ्या पृष्ठावर प्रत्येक ओरखडा उठून दिसतो. दुसरी गोष्ट अशी की, पॉलिप्रोपिलीन हे मेणाचे सगोत्र आहे. दोघेही कार्बन आणि हायड्रोजन ह्यांच्या लांबलचक साखळ्या. पाणी त्याच्यावरून घसरून जाते, पण मेण त्याच्या खळग्यांत शिरले की घरच्यासारखे बसते.

आणि डबीतले ते मेण तरी कोणते? मधमाश्यांचे आपल्याला ठाऊक असते. मोटारीच्या मेणात मान आहे तो कार्नौबाचा. ब्राझीलच्या ईशान्य भागात सिआरा आणि पियावी ह्या रखरखीत प्रांतांत एक ताडाच्या जातीचे झाड उगवते. कोरड्या हवेत पानांतले पाणी उडून जाऊ नये म्हणून हे झाड आपल्या पानांवर मेणाचा लेप घालून घेते. लोक ती पाने कापतात, उन्हात वाळवितात आणि झोडपतात. मेण भुकटी होऊन गळून पडते. हे मेण वनस्पतिज मेणांत सर्वांत कठीण, आणि वितळावयास सुमारे ८२ ते ८६ अंश सेल्सियस उष्णता मागणारे. बुटाच्या पॉलिशात ते असते, औषधाच्या गोळ्यांवर असते, मुलांच्या रंगीत गोळ्यांची चकाकीही कित्येकदा त्याचीच असते. मोटारीसाठी ते एखाद्या उडून जाणाऱ्या द्रवात कालवून, इतर मऊ मेणे घालून डबीत भरतात. आपण ते फासतो, द्रव उडून जातो, मागे मेणाचा धुरकट थर राहतो. गुळगुळीत रंगावरचा जास्तीचा थर फडक्याने निघून जातो. खळग्यांत फडके पोचतच नाही.

पॉलिशची तऱ्हा आणखी वेगळी. मेण रंगावर बसते. पॉलिश रंगाला घासते. त्यात अत्यंत बारीक अशी कठीण भुकटी असते. जुन्या पॉलिशांत बहुधा डायाटम ह्या एकपेशी शेवाळाच्या कवचांची माती असे, जिच्यात १८६७ साली आल्फ्रेड नोबेलने नायट्रोग्लिसरीन मुरवून डायनामाइट केले तीच. आता अल्युमिनियमचे ऑक्साइड पुष्कळदा असते. मेण निदान वितळते, विरघळते. ही भुकटी कशातच विरघळत नाही. ती खळग्यांतून उचलूनच काढावी लागते. माझ्या डबीवर बारीक अक्षरांत लिहिले होते की, त्यात मेण आणि पॉलिश ही दोन्ही आहेत. ते मी चष्मा लावून वाचले तेव्हा वैशाख संपत आला होता.

राहिला प्रश्न पाण्याचा. डाग पहाटे नाहीसे का होत आणि दहा वाजता परत का येत? मिठाचा खडा उजेडासमोर धरला तर आरपार दिसतो. तोच कुटला की पांढरा होतो. मीठ बदललेले नसते. खड्याचे हजार कण झाले, प्रत्येक दोन कणांमध्ये हवा शिरली, आणि उजेड आत जाण्याऐवजी प्रत्येक कडेवरून फेकला जाऊन चहूकडे विखुरला; त्यालाच आपण पांढरे म्हणतो. वाळलेल्या मेणाची आणि भुकटीची हीच गत. त्यावर पाणी पडले की कणांमधल्या फटी हवेऐवजी पाण्याने भरतात, उजेड विखुरला जात नाही, तो सरळ खालच्या काजळीपर्यंत जातो आणि तेथे गडप होतो. धोतर भिजले की त्यातून अंग दिसते ते ह्याच कारणाने. पाणी वाळले की फटींत हवा परत, आणि डागही परत. म्हणजे, "पानी सूखने पर दिखता है" हे त्या माणसाचे वाक्य शब्दशः खरे होते. त्याने लबाडी केली नव्हती, उलट मला प्रकाशशास्त्राचा नियम सांगितला होता. आणि मी त्याबद्दल त्याचे निम्मे पैसे कापले होते.

डाग काढण्याचा माझा पहिला प्रयत्न ह्याच अज्ञानातून झाला होता. आमच्या शेजाऱ्यांनी एक चकचकीत तेलकट औषध दिले. ते चोळताच पट्ट्या नव्यासारख्या काळ्या झाल्या, आणि मी आनंदाने वर आलो. तेलाने फटी भरल्या होत्या, एवढेच. चार दिवसांत दिल्लीची धूळ त्या तेलावर बसली, एका पावसाने ते धुऊन नेले, आणि पांढरे फराटे पूर्ववत. असली औषधे डाग काढीत नाहीत, झाकतात. डाग निघाल्यावर ती लावण्यास हरकत नाही, आधी लावली तर काम दुप्पट होते. नंतर मी पेट्रोलचा विचार केला. तो सौ.नी हाणून पाडला, आणि त्यांचेच बरोबर होते. पेट्रोलची वाफ ठिणगीला शोधीत हिंडते. रंगाऱ्यांचे थिनरही नको. ते शेजारच्या रंगालाच खाऊ लागते.

शेवटी जे जमले ते असे. गाडी सावलीत, पट्ट्या हाताला थंड लागत असताना, प्रथम कोरड्याच मऊ ब्रशाने त्या झाडून घेतल्या. बरीच पांढरी पूड तेवढ्यानेच निघाली, आणि आधी पाणी न लावण्यात किती अर्थ आहे ते कळले. कारण ओले केले की आपण काय काढतो आहोत हेच दिसत नाही. मग कोमट पाण्यात भांडी घासण्याचा पातळ साबण थोडासा घालून, दात घासण्याच्या जुन्या मऊ ब्रशाने थोडा थोडा भाग घासला. एका दिशेने नव्हे. उभा, आडवा आणि गोल, कारण खळग्याला चारही भिंती असतात. धुतले, पुसले आणि स्वस्थ बसून राहिलो. पूर्ण वाळल्याखेरीज निकाल लावावयाचा नाही, हा धडा मला महाग पडला होता. वाळल्यावर पाहिले तो निम्म्याहून अधिक डाग गेलेले.

उरलेल्यांसाठी मी रंगाच्या दुकानातून टर्पेंटाइन आणले. ते मेणाला विरघळविते. पण येथे एक मर्म आहे. विरघळलेले मेण कुठे जात नाही. ते त्याच जागी पातळ होऊन पसरते, आणि द्रव उडाला की पुन्हा बसते. म्हणून एका फडक्याच्या टोकाला थोडेसे टर्पेंटाइन घेऊन चार बोटांएवढा भाग ओला करावा, आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने ते टिपून घ्यावे. मेण गाडीवरून फडक्यात गेले पाहिजे. फडके वारंवार पालटावे. आधी गाडीच्या पोटाशी एखाद्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर करून पाहावे. काचेभोवतालच्या रबरी बीडिंगला टर्पेंटाइन लावू नये, रबर त्याने फुगते. तेथे आयसोप्रोपिल अल्कोहोल निम्मे पाणी घालून वापरावे. मेणावर त्याचा जोर कमी, पण ते रबराला सोसते. शेवटी सगळे साबणाच्या पाण्याने धुऊन टाकावे. आणि हे सर्व घराबाहेर, वाऱ्यावर, विडी-सिगारेट ओढणाऱ्या शेजाऱ्यापासून दूर.

अमेरिकेत ह्याच कामासाठी शेंगदाण्याचे लोणी वापरण्याची एक घरगुती युक्ती प्रसिद्ध आहे. ऐकून हसू येते, पण तीत तथ्य आहे. शेंगदाण्याचे तेल मेणाला सैल करते आणि दाण्याचे बारीक कण त्याला खळग्यांतून ओढून काढतात. आमच्या स्वयंपाकघरात कूट होते. मी ते थोड्या तेलात वाटून पुढच्या कमानीच्या एका तुकड्यावर लावून पाहिले. डाग गेला. पण साबणाने धुणे बहुधा अपुरे पडले असावे, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी मुंग्यांची एक शिस्तबद्ध रांग चाकावरून चढत होती. हा प्रयोग मी पुन्हा केला नाही.

पट्टीवरची प्रत्येक पांढरी गोष्ट मेणच असते असे मात्र नाही. क्षारट पाण्याचे डाग वर्तुळाकार, थेंबाच्या मापाचे असतात, आणि पाणी घातलेल्या शिरक्याने ते सुटतात. जुन्या गाडीचे प्लॅस्टिक उन्हाने विटते तेव्हा त्याचा वरचा थरच झिजून राखेसारखा होतो. ती राख जेथे ऊन अधिक तेथे सरसकट पसरलेली असते, रंगाच्या कडेशी थांबत नाही, आणि कितीही घासली तरी जात नाही. कारण ती वरून आलेली नसून आतून उघडी पडलेली असते. तेथे ब्रश घेऊन बसणे म्हणजे केवळ श्रम. मेणाचे डाग रंगालगत असतात आणि हाताच्या फिरण्याचा आकार दाखवितात. मी तो आकार आधी पाहिला असता तर!

चार सकाळी ह्या कामात गेल्या. चौथ्या दिवशी पुढच्या चाकामागची कमान घासावयास घेतली, तेव्हा तिच्यावर, अगदी डागांच्या मधोमध, दोन बोटे रुंद असा एक चौकोन मला आढळला. तो स्वच्छ काळा होता. कडा सरळ, आखल्यासारख्या. मेण लावताना तेवढी जागा सुटली असावी, असे मी मनाशी म्हटले. पण गोल फिरणाऱ्या हाताकडून चौकोन कसा सुटेल?

मी त्या माणसाचा तपास केला. तो मागच्या गल्लीतल्या वसाहतीत काम करतो असे पहारेकऱ्याने सांगितले. पहाटे साडेपाचला मी तेथे गेलो. एका पांढऱ्या गाडीचे टप तो पुसत होता. मला पाहून त्याने फडके खाली ठेवले. मी त्याला सगळे सांगितले. डाग माझ्या हातचे होते, तुझे काही चुकले नव्हते, आणि तू म्हणालास ते खरे होते. सांगताना माझी हिंदी नेहमीपेक्षा अधिकच अडखळली. कापलेले पैसे मी बरोबर नेले होते. ते त्याने घेतले, मोजले नाहीत. मग मी त्या चौकोनाविषयी विचारले.

तो म्हणाला, त्याची मुलगी तिसरीत शिकते; तिच्या दप्तरातले खोडरबर घेऊन त्याने शेवटच्या दिवशी सकाळी तेवढी जागा घासून काढली होती. रबराने डाग निघतो हे त्याला दुसऱ्या एका गाडीवर कळले होते. वाळल्यावरसुद्धा ती जागा काळीच राहते, हे मला दाखवावयाचे होते. म्हणजे बाकीचे पाण्याने झालेले नाही, मेणाचे आहे, हे मला पटले असते. "लेकिन आप नीचे आए नहीं, बाबूजी. फिर शाम को आपने हिसाब कर दिया."

राहिलेली कमान मी खोडरबरानेच पुरी केली. साधे पांढरे, शाळेतले. शाईचे खरखरीत खोडरबर नव्हे. ते खळग्यांतले मेण आणि भुकटी दोन्ही आपल्या चुऱ्यात गुंडाळून बाहेर आणते, वासही येत नाही आणि मुंग्याही येत नाहीत. मोठ्या पट्टीला वेळ लागतो, पण लहान डागाला ह्याच्याइतका सोपा इलाज मला दुसरा आढळला नाही. कार्तिकात मेण पुन्हा लावावयाचे ठरले तेव्हा आधी सगळ्या काळ्या कडांवर रंगारी वापरतात ती कागदी चिकटपट्टी लावून घेतली. ती लावताना तो गाडीच्या एका बाजूला बसला होता आणि मी दुसऱ्या. उजव्या बाजूची पट्टी त्याची अधिक सरळ आली. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून तो पुन्हा आमच्याकडे येऊ लागला. पगार मात्र त्याने पन्नास रुपयांनी वाढवून घेतला.